सॉफ्टवेअरचा सातबारा कोणाच्या नावावर?

नागपूरच्या महाल भागात माझ्या एका मित्राचा छापखाना आहे. वडिलांच्या काळात खिळे जुळवून छपाई व्हायची, आता दोन कॉम्प्युटर आणि एक ऑफसेट मशीन. तुळशीचं लग्न आटोपलं, लग्नपत्रिकांची गर्दी सुरू झाली आणि नेमका तेव्हाच त्याचा डोंगल मोडला. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखा दिसणारा छोटा तुकडा. तो कॉम्प्युटरला लावलेला नसेल, तर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. टेबल सरकवताना तो भिंतीला लागून तुटला. कंपनीला फोन केल्यावर कळलं की ती आवृत्ती केव्हाच बंद झाली, डोंगल बदलून मिळणार नाही, नवीन आवृत्ती पूर्ण किमतीला घ्यावी लागेल. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून पाहिली, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा ढीग. पंधरा वर्षांच्या पत्रिका, तेरवीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळ्यांची तीच गत.

"मी तं पैसे मोजून घेतलं होतं न भाऊ," तो म्हणाला, "मंग ते माहं काऊन नाही?"

त्या संध्याकाळी मी त्याला जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते इथे लिहितो आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपण बर्डीहून कूलर आणतो. तो आपला होतो. पंप जळला तर दुसरा बसवा, वुडवूल काढून खस लावा, मागचं पॅनेल उघडून पंख्याची पाती बदला, दोन वर्षांनी साळ्याला देऊन टाका. कूलरवाला विचारायला येत नाही. सॉफ्टवेअरचं असं नसतं. तिथे आपण वस्तू विकत घेत नाही, वापरायची परवानगी विकत घेतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते, म्हणजे कथा-कादंबरीच्या रांगेत. पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापून विकायचा हक्क मिळत नाही, तसंच हे. फरक एवढाच की पुस्तक वाचताना त्याची प्रत होत नाही. प्रोग्रॅम मात्र डिस्कवर टाकला की प्रत, सुरू केला की मेमरीत आणखी एक प्रत. त्यामुळे नुसत्या वापरालाही परवानगी लागते आणि ती परवानगी ज्या कागदावर लिहिलेली असते, त्याला लायसन्स किंवा परवाना म्हणतात. इन्स्टॉल करताना न वाचता आपण 'मान्य आहे'वर क्लिक करतो, तो हाच कागद.

त्यात काय वाटेल ते लिहिलेलं असू शकतं. एकाच कॉम्प्युटरवर वापरा. दुसऱ्याला देऊ नका. आतली रचना उलगडू नका. नवीन कॉम्प्युटरसोबत आलेली विंडोज बहुतेक वेळा त्या मशीनलाच बांधलेली असते, म्हणून मदरबोर्ड बदलला की दुकानदार "आता नवीन लायसन्स लागेल" म्हणतो आणि गिऱ्हाईक त्याच्यावर चिडतं. चूक दुकानदाराची नसते, अट तशीच असते. अडोबीने २०१३ मध्ये आपली चित्रांची आणि मांडणीची साधनं महिन्याच्या वर्गणीवर नेली. त्याआधी एकदा पैसे भरले की तेवढी आवृत्ती कायमची वापरता यायची. आता वर्गणी थांबली की काम थांबतं.

मग बरेच जण क्रॅक मारून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून, घेतात. हे मी लपवत नाही, कारण आपल्या शहरातल्या कितीतरी दुकानांत हे चालतं. पण कायदा स्पष्ट आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली, तर कलम ६३ ब खाली किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. याच कायद्यात ग्राहकाच्या बाजूचंही काही आहे, ते फार लोकांना माहीत नसतं. कलम ५२ प्रमाणे, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, तो ती नष्ट होण्याच्या भीतीने तात्पुरती जादा प्रत काढून ठेवू शकतो. दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधूनही काढू शकतो. मित्राच्या फाइलींसाठी पुढे हेच उपयोगी पडलं.

पण परवाना अडला म्हणून मजकूर का हरवावा? कारण कुलुपं दोन होती. एक डोंगलचं, दुसरं फॉन्टचं. जुन्या मराठी फॉन्टांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलंच नसायचं. कॉम्प्युटरच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असायचं, त्यावर फॉन्ट मराठी मुखवटा चढवायचा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. जगातल्या सगळ्या लिप्यांना ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ मध्ये आली, देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही आपले छापखाने पुढची कितीतरी वर्षं मुखवट्यांवरच चालले, कारण पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅमांना युनिकोड मराठी जमत नव्हती आणि टायपिंग करणाऱ्यांची बोटं जुन्या कीबोर्डवर बसलेली होती. शब्द आपले, पण ते वाचायची किल्ली दुसऱ्याकडे. मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात जास्त लागतं. परवान्याचे पैसे पुन्हा भरता येतात. पंधरा वर्षांचा मजकूर पुन्हा टाइप करायला माणसं कुठून आणायची?

आता ओपन सोर्सकडे येतो. त्यासाठी काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या नर्सरीत डोकवावं लागेल.

बाजारातून संत्री आणली म्हणजे संत्र्याचं झाड मिळत नाही. झाड हवं असेल तर चांगल्या मातृवृक्षाची डोळकाडी लागते, म्हणजे डोळे असलेली कोवळी काडी. तिचा एक डोळा जंबेरीच्या खुंटावर भरला की तसंच झाड उभं राहतं. सॉफ्टवेअरमध्येही असेच दोन प्रकार असतात. आपण जे चालवतो ते तयार फळ. प्रोग्रॅमरने हाताने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर म्हणजे सोर्स कोड, ती डोळकाडी. फळावरून डोळकाडी मिळवणं जवळपास अशक्य. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनी फळ देते, काडी देत नाही. ओपन सोर्समध्ये काडीही देते आणि ती वापरून नवीन झाड लावायची, त्यात बदल करायची, दुसऱ्याला द्यायची लेखी परवानगीही देते.

एकेकाळी काडी लपवायची पद्धतच नव्हती. सॉफ्टवेअर मशीनसोबत यायचं. आयबीएमने १९६९ मध्ये त्याची किंमत मशीनपासून वेगळी करायचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विकायचा माल झाला. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहून सुनावलं की तुम्ही आमचा प्रोग्रॅम फुकट वाटून घेता, ही चोरी आहे. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं खोटं नव्हतं, राबणाऱ्याला मोबदला हवाच. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतला रिचर्ड स्टॉलमन. तिथल्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या वेळी त्याने सोर्स कोडमध्ये बदल करून अडचणीची सूचना लोकांच्या स्क्रीनवर येईल अशी सोय केली होती. नव्याचा कोड मात्र त्याला कोणी देईना. त्याने १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला.

जीपीएलची युक्ती मला आजही अचाट वाटते. कॉपीराइटचा कायदा मालकाला अटी घालायचा हक्क देतो. स्टॉलमनने तोच हक्क वापरला, पण अट उलटी घातली. डोळकाडी घ्या, कलमं बांधा, विका, पैसे कमवा. फक्त तुमच्याकडून जो रोप घेईल, त्यालाही डोळकाडी द्यायची आणि हाच हक्क द्यायचा. त्यावर वेगळी बंधनं लादायची नाहीत. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आलं. एमआयटी, बीएसडी आणि अपाचे या परवान्यांची वृत्ती सैल आहे: काडी घ्या, आमचं नाव राहू द्या, पुढे तुम्ही बागेला कुंपण घाला नाहीतर नका घालू. ॲपलच्या मॅकमध्ये फ्रीबीएसडी या बीएसडी परवान्याखालच्या प्रणालीचा बराच कोड आहे आणि तरी मॅक ही बंद वस्तू आहे, ते या सैलपणामुळेच. 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ चा. त्याचा अर्थ फुकट असा नाही, हेही इथेच सांगून टाकतो. जीपीएलचा माल विकायला पूर्ण मुभा आहे.

आता भांडण कुठे होतं?

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर ज्याने वापरला नाही असा माणूस शोधावा लागेल. २०१० मध्ये तो आयफोनच्या ॲप स्टोअरवर आला. व्हीएलसी होता जीपीएलखाली. जीपीएल म्हणतो, घेणाऱ्यावर जादा बंधनं लादू नका. ॲप स्टोअरच्या अटींत मात्र ॲपचा वापर आणि वाटप यांवर बंधनं होती, ती स्टोअरवरच्या प्रत्येक ॲपला लागू. व्हीएलसीच्याच एका डेव्हलपरने तक्रार केली की आमचा कोड या अटींखाली वाटता येत नाही. जानेवारी २०११ मध्ये ॲपलने ते ॲप काढून टाकलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं तर कोणीच चोर नव्हतं. दोन कागद होते आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नव्हते. मग व्हीएलसीच्या लोकांनी मोठं किचकट काम अंगावर घेतलं: शंभरांहून जास्त डेव्हलपरना गाठून, ज्याने ज्याने त्यात चार ओळी लिहिल्या होत्या त्याची संमती घेऊन, कोडचा परवाना सैल केला. जुलै २०१३ मध्ये व्हीएलसी ॲप स्टोअरवर परत आला.

एवढ्या लोकांना का विचारावं लागलं? विदर्भात शेतजमीन असलेल्या कुठल्याही घराला हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर सोळा नावं असतील, तर एकटा भाऊ अख्खं शेत विकू शकत नाही. काका पुण्याला, आत्या रायपूरला, सगळ्यांच्या सह्या लागतात. ओपन सोर्सचंही तसंच. ज्याने जेवढा कोड लिहिला, त्याचा कॉपीराइट त्याच्याकडे राहतो. लिनक्सच्या सातबाऱ्यावर हजारो नावं आहेत आणि त्यातले काही जण आज हयातही नाहीत. त्यामुळे उद्या कुठल्याही कंपनीने कितीही पैसा ओतला तरी लिनक्सचा परवाना बदलणं व्यवहारात शक्य नाही. ही त्याची सगळ्यात मोठी ताकद आहे असं माझं मत आहे, त्याच्या वेगापेक्षा किंवा सुरक्षिततेपेक्षाही मोठी.

पण प्रत्येक ओपन सोर्स असं नसतं. काही कंपन्या मदत करणाऱ्यांकडून आधीच एक करार सही करून घेतात. तो साधारण मुखत्यारपत्रासारखा असतो: तुझ्या कोडचं पुढे काय करायचं, कुठल्या परवान्याखाली द्यायचं, ते आम्ही ठरवू. सातबाऱ्यावर नावं अनेक, पण सहीचा अधिकार एकाचा. गेल्या काही वर्षांत बरीच वादळं उठली ती इथेच.

त्यांचं मूळ क्लाउडमध्ये आहे. जीपीएलची अट रोप दुसऱ्याच्या हातात देताना लागू होते. ॲमेझॉनसारखी कंपनी सॉफ्टवेअर कोणाला देतच नाही. स्वतःच्या सर्व्हरवर चालवते आणि सेवेचे पैसे घेते. काडी द्यायचा प्रश्नच येत नाही. ही फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएल परवाना आला, त्यात नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड द्यावा लागतो. काही कंपन्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. राबायचं आम्ही आणि पैसा क्लाउडवाल्यांनी कमवायचा, ही त्यांची तक्रार खरी होती. डेटा साठवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि डेटात शोध घ्यायचं इलॅस्टिकसर्च बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये आपले परवाने इतके कडक केले की ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणारी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था त्यांना ओपन सोर्स मानत नाही. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचा, रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये स्वतःचा परवाना बदलला.

यात दुखावले ते फुकट मदत करणारे. त्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवून काम दिलं होतं आणि तो शब्द फिरला. पण इथे एक गोष्ट घडली, जी माझ्या मित्राच्या डोंगलबाबत कधीच घडू शकली नसती. परवाना पुढच्या आवृत्तीचा बदलता येतो. आधीच वाटलेली काडी कोणी परत नेऊ शकत नाही. लोकांनी शेवटची मुक्त आवृत्ती घेतली आणि तिथून वेगळी वाट काढली. इलॅस्टिकसर्चवरून ओपनसर्च, टेराफॉर्मवरून ओपनटोफू, रेडिसवरून व्हॅल्की, तेही काही दिवसांतच. याला फोर्क म्हणतात. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतली तेव्हा तिच्या ओपनऑफिसचं, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या कामांच्या मुक्त सॉफ्टवेअरचं, लिब्रेऑफिस झालं ते असंच. पुढे इलॅस्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सकडे वळले.

अँड्रॉइडचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे. अँड्रॉइडचा गाभा अपाचे परवान्याखाली खुला आहे, कोणीही घ्यावा आणि फोन बनवावा. पण प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब ही गुगलची मालकीची ॲप्स आहेत, त्यांच्यासाठी फोन कंपनीला वेगळा करार करावा लागतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यामागे या करारांतल्या अटी होत्या. प्ले स्टोअर हवं तर बाकीची ॲप्सही आधीपासून टाका आणि अँड्रॉइडच्या फोर्कवर चालणारे फोन बनवू नका. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले. बाग खुली होती, पण मालाच्या गाडीला मंडीत शिरायला वेगळा पास लागत होता. खुला परवाना असूनही मोकळीक कशी आवळता येते, हे मला या प्रकरणातून नीट समजलं.

नावाची पाटी हीही एक अडचण. सेंटओएस ही रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सची मोफत आवृत्ती सर्व्हरसाठी खूप वापरली जायची. डिसेंबर २०२० मध्ये अचानक जाहीर झालं की तिची आठवी आवृत्ती २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच बंद होणार. कोड सगळ्यांचा असला तरी नाव आणि बांधणी एका कंपनीच्या हातात होती. त्यातून रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभे राहिले. सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांच्या रात्री वाया गेल्या, पण डेटा कोणाचा अडकला नाही.

म्हणून आता मला कोणी विचारलं, की अमुक सॉफ्टवेअर घेऊ का, तर मी "फुकट आहे का" हे शेवटी विचारतो. आधी विचारतो: याची अट उद्या कोण बदलू शकतो? बदलली तर माझ्या फाइली मी दुसरीकडे उघडू शकतो का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या, संपला. ज्या मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्या चालत्या स्थितीत असूनही जुन्या ठरल्या. शाळेतल्या, ट्यूशन क्लासमधल्या, किराणा दुकानातल्या अशा मशीनवर लिनक्स टाकून पाहावं, असं मी आवर्जून सांगतो. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरणही केलं.

छापखान्याला मात्र मी डोळे झाकून तेच सांगणार नाही. गिऱ्हाईक कोरलड्रॉची फाइल घेऊन येतं, फ्लेक्सवाला कोरलड्रॉचीच मागतो. चित्रांसाठी इंकस्केप आणि पानं मांडायला स्क्रायबस हे ओपन सोर्स पर्याय चांगले आहेत, पण चार रंगांच्या छपाईत इंकस्केप अजून कमी पडतो. मित्राने कोरल ठेवला, रीतसर विकत घेऊन. मजकूर मात्र युनिकोडमध्ये टाइप करायचं ठरवलं. त्यासाठी मुक्ता आणि नोटोसारखे फॉन्ट वापरतो. त्यांचा ओपन फॉन्ट परवाना छापा, पीडीएफमध्ये घाला, गिऱ्हाइकाला द्या, सगळं करू देतो. नुसता फॉन्ट वेगळा विकता येत नाही, एवढीच मोठी अट. डोंगल नाही, मशीनची मोजदाद नाही.

जुन्या फाइलींसाठी आम्ही एक कनव्हर्टर लिहून घेतला. छापलेल्या पत्रिका शेजारी ठेवायच्या, कुठलं इंग्रजी चिन्ह म्हणजे कुठलं मराठी अक्षर याचा तक्ता बनवायचा आणि मजकूर युनिकोडमध्ये ओतायचा. साधी अक्षरं दोन संध्याकाळींत बसली. पहिली वेलांटी फार छळते, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवावी लागते. रफाराचं उलटं, जुन्या फॉन्टात तो अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा आणि युनिकोडमध्ये आधी साठवावा लागतो. मित्राची आई आता रोज दुपारी चष्मा लावून बसते आणि लाल पेनाने खुणा करते. परवा तिने 'ज्येष्ठ' शब्दाची सात वेगवेगळी रूपं काढून दाखवली. तक्त्यात अजून एकोणीस चिन्हं रिकामी आहेत.